सोळावर लावलेला एसी

आमच्या घरातला एसी बाबांनी चार उन्हाळ्यांत एकदाही स्वतःसाठी लावला नाही. त्यांच्यासाठी तो पहिल्यांदा लागला तो ते गेल्यावर. हे नाटकी वाटेल, पण त्याला मी काय करू? झालं ते असं झालं.

एसी माझ्या धाकट्या भावाने बसवला होता. तो अमेरिकेत असतो. एका मे महिन्यात तो बायको-मुलीला घेऊन आला, आणि मुलीच्या पाठीवर घामोळं उठलं. एवढीशी पोर, रात्रंदिवस खाजवत होती. भावाने दोन दिवसांत आई-बाबांच्या खोलीत एसी ठोकून घेतला. बाबा म्हणाले, "पुण्याला कसला डोंबलाचा एसी? खिडकी उघडा, वारा येतो." आम्ही शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. समोर दुसरी इमारत उभी राहण्याआधी वारा खरंच यायचा. ती उभी राहून दहा वर्षं झाली होती, पण बाबांनी खिडकीला दिलेलं प्रशस्तिपत्र काही परत घेतलं नव्हतं.

भाऊ परत गेला आणि आईने एसीला जुन्या चादरीची खोळ शिवली. नाडीसकट. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आणि ते सगळं कपाटात तिच्या शालूच्या घडीत. "तो आला की लावू," असं ठरलं. तो चार वर्षांत एकदा आला, दहा दिवस, तेही डिसेंबरात. दर रविवारी फोनवर मात्र विचारायचा, "एसी लावता ना?" बाबा अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचे, "लावतो की. दुपारी दोन तास." मी एकदा म्हटलं, "बाबा, कशाला खोटं बोलता?" तर म्हणाले, "त्याला बरं वाटतं. तुझं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. मी लग्न केलं नाही, विम्याच्या कचेरीत नोकरी केली आणि आई-बाबांबरोबर राहिले. ज्यांना यात काही बिचारेपणा दिसतो त्यांनी तो आपापल्या घरी बघावा.

बाबा गेले ते मेमधल्या एका बुधवारी. सकाळी सहाला आई चहा ठेवून त्यांना उठवायला गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "अगं, हे उठत नाहीयेत." मग तिने आधण तसंच ठेवून गॅस बंद केला. तो पुढे दीड दिवस पेटला नाही. माणूस घरात असेपर्यंत चूल पेटवायची नाही, असा आमच्यात रिवाज.

गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि झोपेतच गेले म्हणाले. त्रास झाला नसावा, असंही म्हणाले. डॉक्टरांनी असं म्हणायचंच असतं. मी भावाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. तो एकदम मोठ्याने रडायला लागला. "ताई, मी निघतो. मिळेल त्या विमानाने निघतो. थांबाल ना गं?" मी काही म्हणायच्या आत आईने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. ती म्हणाली, "ये तू. तू त्यांचं तोंड बघितल्याशिवाय मी त्यांना इथून हलू देणार नाही." तिने हे अगदी शांतपणे सांगितलं, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तसं.

तासाभराने त्याचा फोन आला. गुरुवारी दुपारी तीन-साडेतीनला पोचतो. म्हणजे मेच्या उन्हाळ्यात सरळ दीड दिवस. डॉक्टरांनी हलक्या आवाजात सुचवलं की दवाखान्यातल्या शीतगृहात सोय होते. आई म्हणाली, "आयुष्यात एक रात्र दवाखान्यात काढली नाही त्यांनी. आता पाठवू?" डॉक्टर म्हणाले, काचेची पेटीही मिळते, भाड्याने. "पेटी नाही," आई म्हणाली. "एसी आहे ना घरात. रोज दुपारी दोन तास लावतो आम्ही." मी तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलता बोलता तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता की काय, देव जाणे.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी वाट बघत बसायला नको. दात काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही; मी तशी आख्खीच्या आख्खी झाले होते. रडू येईल म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आलं नाही. मग म्हटलं, चला, एसी तरी लावू.

बाबांना पलंगावरून खाली सतरंजीवर घेतलं होतं, दक्षिणोत्तर, डोक्याशी पणती. मी त्यांच्या पायाशी स्टूल ठेवून वर चढले. खोळीच्या नाडीची आईने निरगाठ मारली होती, ती सुटेना. शेवटी कात्रीने कापली. रिमोट उघडला तर सेल फुटून आत पांढरी भुकटी. बोटाने ती खरवडली, टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले, आणि पडद्यावर आकडे उमटले. मग एक बर्फाचा तारा, एक सूर्य, एक थेंब, एक पंखा अशी चित्रं. कुठलं म्हणजे काय ते सांगणारं पुस्तक बाबांनी कुठल्या तरी सुरक्षित जागी ठेवलं होतं. इतक्या सुरक्षित की ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

मी आकडा खाली खाली नेत सोळावर आणला. त्याच्या खाली जाईना. टुं असा आवाज झाला, पुढची पट्टी हळूहळू उघडली आणि चार वर्षांची धूळ बाबांच्या अंगावर पडली. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, पणती आडोशाला सरकवली. हवा येत होती, पण कोमट. अर्धा तास झाला तरी कोमटच. मी रिमोट असा दाबला, तसा दाबला, एकदा तर आपटलाही. मग कपाळाला हात लावला आणि कसब्यातल्या फ्रिजवाल्यांना फोन केला.

फ्रिजवाले म्हणजे आमचा फ्रिज गेली वीस वर्षं जगवणारे गृहस्थ. त्यांच्या आजोबांचा कल्हईचा धंदा होता, वडिलांनी स्टोव्ह दुरुस्त केले, आणि हे फ्रिज-एसी बघतात. चार पिढ्या मुसलमानांचं ते घर कसब्यात, त्याच गल्लीत. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात आणि मला ते ऐकवूनही दाखवतात. वीस मिनिटांत स्कूटरवर आले. दारात चपला काढल्या, आत येऊन बाबांसमोर हात बांधून मिनिटभर उभे राहिले. मग वर बघितलं, माझ्या हातातून रिमोट घेतला.

"अहो ताई, हे नुसतं पंख्यावर चाललंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मला वाटलं सोळा म्हणजे सोळा."

"सोळा लिहिलंय. करायला कुणी सांगितलं नव्हतं त्याला." त्यांनी एक बटण दाबलं, पंख्याच्या जागी तारा आला. मग स्टुलावर चढून जाळ्या काढल्या, न्हाणीत धुतल्या, झटकल्या, परत बसवल्या. मागच्या गॅलरीत बाहेरचा डबा होता त्यात गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं निघालं. ते त्यांनी कागदात गुंडाळून खिशात घातलं, आज या घरात केरसुणी फिरवायची नाही हे त्यांना माहीत होतं. थोड्या वेळाने बाहेरच्या डब्याने घरघर केली आणि आत पहिल्यांदा गार हवा आली.

तिने पणती विझली.

आईने लगेच काडी ओढली. परत विझली. तिसऱ्यांदा विझली तेव्हा आई म्हणाली, "राहू दे तो एसी." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. फ्रिजवाले म्हणाले, "थांबा आई, विझू देत नाही." त्यांनी पट्टी हलवून हलवून छताकडे वळवली, पंख्याचा वेग सगळ्यात कमी केला, खाली बसून पणतीकडे बघत राहिले. ज्योत सरळ झाली. "गार हवा जड असते," ते म्हणाले. "वर सोडली तरी आपली आपण खाली उतरते. जरा वेळ लागेल, पण उतरेल."

मग मला त्यांनी बाहेर बोलावून सगळं समजावलं. सोळावर ठेवलं म्हणून खोली लवकर गार होत नाही. त्याच वेगाने होते, फक्त यंत्र मधे थांबत नाही. "आणि तुम्हाला आज थांबायला नकोच आहे." चंद्राचं चित्र असलेलं बटण दाबायचं नाही, ते झोपणाऱ्यांसाठी असतं, तासातासाने आपोआप खोली उबदार करतं. दार उघडं ठेवायचं नाही. "दाराचं सांभाळा, ताई. बाकी मशीन करेल." जाता जाता त्यांनी आईला विचारलं की बर्फाच्या लाद्या आणवू का, सोबतीला. आई म्हणाली, "बर्फावर? मासळी आहे का ती?" त्यांनी मान खाली घातली. जिन्यात मला म्हणाले, "आमच्यात एवढं थांबवत नाहीत. पण मुलगा येतोय म्हटल्यावर... बघा. वाटलं तर फोन करा."

तर मला काम मिळालं. दाराचं सांभाळायचं. मी खोलीबाहेर स्टूल टाकून बसले ती बसलेच. लोक यायला लागले, आणि तुम्हाला सांगते, माणसांना दार लावायचं कळत नाही. अर्धवट उघडून उंबऱ्यात उभे राहतात, हात जोडतात, मागच्याला जागा करून देतात, परत हात जोडतात. मी म्हणायचे, "आत या नाहीतर बाहेर थांबा. उंबऱ्यात उभं राहू नका." एका बाईंना मी चक्क हाताला धरून आत ओढलं. कुणी तरी कुणाला तरी म्हणालं, "पोरगी दगड आहे अगदी." सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पोरगी म्हटलं त्याचं जरा बरंच वाटलं.

आतमध्ये मात्र लोक रेंगाळत होते. बाहेर रस्ता भाजत होता, आणि आत काश्मीर. एक गृहस्थ बाबांच्या पायाशी बसले, घाम पुसला, "वा, काय गार आहे हो," म्हणाले आणि जीभ चावली. मी त्यांना पाच मिनिटांनी उठवलं. दुपारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. बाबांचं आणि त्यांचं पार्किंगवरून, पाण्याच्या टाकीवरून, जिन्यातल्या दिव्यावरून, कशावरूनही वाजायचं. हे सकाळीच गावाहून आले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. बेल वाजवून दारातूनच म्हणाले, "तुमच्या एसीचं पाणी आमच्या गॅलरीत टपटप पडतंय. कपडे आहेत वाळत." आईच बाहेर आली. म्हणाली, "आज पडू दे हो भाऊजी." तिच्या कपाळाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते तसेच मागे फिरले. थोड्या वेळाने परत आले ते सदरा बदलून, आणि मग घरी गेलेच नाहीत. खुर्ची टाकून आमच्या हॉलमध्ये बसले. चहा त्यांच्याच घरून येत होता.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एसी चालू होता. आई आत दोन शाली गुंडाळून बसली होती.

गुरुवारी सकाळी बाबांचा चेहरा चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी तो नीट बघितला. जरा पिवळट, ओठ सुकलेले, पण बाबाच. पेपरात काही तरी चुकीचं छापून आलंय आणि ते आपण पत्र लिहून कळवणार आहोत, असा त्यांचा नेहमीचा चेहरा. आठच्या सुमाराला आईला मी जबरदस्तीने आंघोळीला पाठवलं. पणतीत तेल घातलं, वात पुढे सारली. डाव्या हातात तेलाची बुधली होती. बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना जाहीर केलं, "आता तो येईपर्यंत आत कुणीही जायचं नाही. एकदाही दार उघडायचं नाही. आईसुद्धा नाही."

खालचे काका म्हणाले, "बरोबर आहे."

मी स्टुलावर बसून राहिले. नऊ, दहा, अकरा. आई माझ्याशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली, तिचा डोळा लागला. मी दार राखत होते. कुणी भेटायला आलं की बाहेरूनच नमस्कार करायला लावून वाटेला लावत होते. दीड दिवसात पहिल्यांदा मला काही तरी नीट करतोय असं वाटत होतं. भावाचा मुंबईत उतरल्याचा फोन आला. "निघालो, ताई. बाबा?" मी म्हटलं, "बाबा छान आहेत." असं म्हणतात का कुणी? मी म्हटलं खरं.

साडेबाराला आई जागी झाली. "तुळशीचं पान बदलते," म्हणाली. मी नको म्हणत होते, पण ती उठलीच. तिने दार उघडलं. मी स्टुलावरच होते, आणि माझ्या पावलांवर गार हवा आली नाही.

आली ती वेगळीच हवा.

आई आत गेली, बाहेर आली नाही, मला हाकही मारली नाही. मी उठून गेले. खोली अंधारी आणि तापलेली. एसीची पट्टी मिटलेली. आई दाराशेजारच्या बटणांकडे बघत होती. दिवा, पंखा आणि एसीचं मोठं बटण, तिन्ही एका रांगेत, तिन्ही वर केलेली. आमच्याकडे वर म्हणजे बंद.

ती मी बंद केली होती. आठ वाजता, बाहेर पडताना, उजव्या हाताने. आमच्या घरात खोलीतून शेवटचा बाहेर पडणारा माणूस बटणं बंद करतो. बाबांनी आम्हाला पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं. कुणी विसरलं की ते कुठूनही ओरडायचे, "आत कोण बसलंय रे? भुतं?" चाळीस वर्षं माझा हात हे करत आलाय, मला विचारत नाही. त्या सकाळीही त्याने मला विचारलं नाही. खोलीत कोणी नाही, एवढं त्याला समजलं आणि त्याने बटणं वर केली. मला मात्र अजून काहीच समजलं नव्हतं. मी बाहेर बसून साडेचार तास गार हवा राखत होते.

आईने बटणांकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मग तिने स्वतः एसीचं बटण खाली केलं. काही झालं नाही. मी रिमोट दाबला. टुं झालं, पट्टी उघडली, पण बाहेरचा डबा सुरू होईना. बटण नव्याने चालू केलं की तो तीनेक मिनिटं थांबतो, मगच चालू होतो. त्याला घाई चालत नाही. आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी वरच्या आकड्याकडे बघत होते, सोळा, सोळा, सोळा, कारण खाली बघायची माझी हिंमत नव्हती. आई खाली बघत होती. "आई, मी..." एवढं मी म्हटलं. तिने हाताने थांब अशी खूण केली. मग बाहेरची घरघर सुरू झाली.

चेहऱ्याचं मी लिहिणार नाही. रंग बदलला होता, फुगला होता, आणि ते बाबा नव्हते, एवढं पुरे. आईने त्यांचं उपरणं काढलं, दुहेरी केलं आणि तोंडावरून घट्ट पांघरलं. उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावला. खालचे काका दारात येऊन बघून गेले. मग बाहेर बोलावून तिला म्हणाले, "वहिनी, आता थांबू नये. नेऊ या." त्यांचं बरोबर होतं. आई म्हणाली, "मी त्याला शब्द दिलाय." "अहो पण काय बघणार तो?" "बघू," आई म्हणाली.

मी मोरीत जाऊन हात धुतला. साबणाने, दोनदा. आता तरी काही वाटेल म्हणून वाट बघितली. नाही वाटलं.

भाऊ साडेतीनला आला. बॅग जिन्यातच टाकून, बूट पायात तसेच ठेवून धावत आत आला, मग भान येऊन बूट ओढून काढले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आईच्या गळ्यात पडला, मग बाबांशेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याने उपरण्याकडे हात नेला.

आईने त्याचं मनगट धरलं. "पाय बघ," ती म्हणाली. "तोंड नको बघू."

त्याला कळेना. "का? आई, मी त्यासाठी तर आलो. तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

त्याने वर एसीकडे बघितलं. सोळाचा आकडा दिसत होता, हवा येत होती. मग वास त्याच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्याने श्वास धरला. "एसी तर चालू आहे," तो म्हणाला. "मग असं कसं झालं?"

मी दारात उभी होते. सांगायला तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"सकाळी लाइट गेली होती," आई म्हणाली. "गुरुवार ना आज."

गुरुवारी लाइट जाते, दुरुस्त्या असतात, हे पुण्यात वाढलेल्या कुणालाही जगाच्या कुठल्याही टोकाला सांगावं लागत नाही. भाऊ खालच्या काकांकडे वळून म्हणाला, "आजच जायची होती का हो?" काका हॉलमध्ये पंख्याखाली बसले होते. सकाळपासून त्याच पंख्याखाली बसले होते, तो एक मिनिट थांबला नव्हता. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"हो ना," काका म्हणाले. "आठला गेली ती साडेबाराला आली."

भावाने लाइटला एक घाणेरडी शिवी घातली. मग बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडला. पाय तसेच होते. टाचांच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख, सगळं तसंच. तो ते धरून बराच वेळ बसला. मी दार लावून घेतलं.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. एसी तिने पुन्हा कधी लावला नाही. खोळ मात्र नवीन शिवली. एकदा दुपारी आम्ही दोघी मोड आलेली मटकी निवडत बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं, "आई, त्या दिवशी ते बटण मी..." तिने मान वर न करता म्हटलं, "लाइट गेली होती गं." घरात आम्ही दोघीच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी पुढे बोलले नाही, आणि ती गेल्यावर आता बोलायचीच सोय उरली नाही.

भावाने ते मनाला फार लावून घेतलं. तिकडे मित्रांना सांगतो, मुलीला सांगतो, की साडेचार तास लाइट गेली म्हणून मला माझ्या बापाचं तोंड बघता आलं नाही. मागच्या वर्षी तो आला तो ठरवूनच आला होता, आणि त्याने घरात इन्व्हर्टर बसवून घेतला. मोठा, दोन बॅटऱ्यांचा. "पुन्हा असं व्हायला नको, ताई. तू एकटी असतेस." बसवायला फ्रिजवालेच आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "यावर एसी चालत नाही, ताई. दिवे-पंखे चालतील. साहेबांना सांगू का?" मी म्हटलं, नका सांगू.

तो इन्व्हर्टर आता बाबांच्या खोलीत, त्या बटणांच्या खाली आहे. महिन्याला त्याच्या बॅटऱ्यांत पाणी घालावं लागतं. मी घालते. भाऊ रविवारी फोनवर विचारतो, "पाणी घातलंस ना?" मी म्हणते, "घातलं." मग तो म्हणतो, "हा त्या वेळी असता तर, नाही का?"

मी हो म्हणते. गेल्या रविवारी हो म्हणून फोन ठेवला आणि त्या खोलीतून बाहेर पडताना माझा हात बटणांकडे गेला, तेव्हा मी त्याला दुसऱ्या हाताने धरून तिथेच खाली बसले. रडत होते, हे जरा वेळाने कळलं.